क्लेटनची चाल

आमच्याकडे विठ्ठल तळघरात राहायचा. एका बाजूला वॉशर, दुसऱ्या बाजूला ड्रायर आणि मधल्या भिंतीवर विठ्ठल-रखुमाईची तसबीर. मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या हिवाळ्यात आमच्या घरातली सगळ्यांत उबदार जागा तीच होती, त्यामुळे देवाची आबाळ झाली असं कुणाला म्हणता येणार नाही. एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी तिथे भजन असायचं. गॅरेजमध्ये बुटांचा ढीग पडायचा आणि माणसं मोज्यांवर जिना उतरायची, एका हातात टाळ, दुसऱ्या हातात फॉइल लावलेला ट्रे. ट्रेमध्ये साबुदाण्याची खिचडी किंवा मसालेभात, आणि कुणी नुकतंच लग्न होऊन आलेलं असलं तर पिझ्झा. आई भजनाआधी घाईघाईने कपड्यांचा शेवटचा घाणा ड्रायरमधून काढायची, त्यामुळे उदबत्तीच्या वासात कपड्यांबरोबर टाकायच्या सुगंधी ड्रायर शीटचा वास मिसळलेला असायचा. अजूनही कुणाच्या लाँड्री रूममध्ये शिरले की माझे हात आपोआप जुळतात. माझी मुलगी म्हणते, "ममा, दॅट्स अ वॉशिंग मशीन."

हे प्रकरण रागाचं आहे, ते आधीच सांगून ठेवते. मी तशी आनंदी बाई आहे. मला कोपऱ्यात बसवलं तर थोड्या वेळाने तोच कोपरा खोलीचा मध्य होतो, असं माझा नवरा म्हणतो आणि त्याच्या आवाजात कौतुकापेक्षा थकवा जास्त असतो. पण एक राग मी इतकी वर्षं नीट सांभाळून ठेवला आहे, लोणच्यासारखा, वर तेलाचा थर राहील याची काळजी घेत. आज बरणी उघडते.

पेटी बाबांची होती. बाबा विद्यापीठात मायक्रोस्कोप दुरुस्त करायचे. दिवसभर बारीक गोष्टींकडे बघून झाल्यावर घरी माणसांशी बोलायला त्यांच्याकडे फारसं काही उरायचं नाही. जे उरायचं ते पेटीतून यायचं. मग एका थंडीत त्यांचा खांदा धरला, भाता हलवायचा हातच उठेना, आणि मी पेटीवर बसले. शाळा संपून कॉलेज सुरू व्हायचं होतं, अंगात मस्ती भरपूर होती, आणि भजनी मंडळात पेटीवाल्याकडे केवढी सत्ता असते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. अभंग संतांचे, त्यातला शब्द कुणी बदलत नाही. पण चाल पेटीवाला आणतो, आणि ती कुठूनही आणली तरी चालते. नाटकातून आणावी, शेजारच्या मंडळातून उचलावी, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हिंदी सिनेमातून आणावी.

आमच्या मंडळाचा सगळ्यांत लाडका अभंग ज्या चालीवर होता, ते मूळ गाणं कॅबरेचं होतं. सिनेमात एक बाई काचेच्या अवाढव्य ग्लासातून बाहेर येते, अंगावर पिसं आणि नावापुरतं कापड, आणि समोर खलनायक सिगार ओढत बसलेला असतो. आमच्या तळघरात त्याच चालीवर वैकुंठाचं वर्णन चालायचं. सिनेमात जिथे ट्रम्पेट वाजतो, तिथे सुभाषकाका टाळांचा असा कडकडाट करायचे की ड्रायरचं दार उघडायचं. सुभाषकाका म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, मूळचे नागपूरचे, इथे मोटारींच्या ब्रेकचे इंजिनिअर. माणसाचा पेशा त्याच्या स्वभावात उतरतो असं मी ऐकलं होतं. सुभाषकाकांच्या बाबतीत ते खरं होतं, त्यांना चालती गोष्ट थांबवायला फार आवडायचं. पण ही चाल त्यांनी कधी थांबवली नाही. मूळ गाणं सगळ्यांना माहीत होतं. काका लोक एकमेकांकडे बघून गालात हसायचे आणि काकू त्यांच्यावर डोळे वटारायच्या. पाप वगैरे कुणाच्या मनातही यायचं नाही. "देवाला गाणं दिलं की ते देवाचं झालं," सुभाषकाका सांगायचे.

शनिवारी सकाळी गावात शेतकऱ्यांचा बाजार भरायचा. आई मला पिशव्या उचलायला न्यायची. मका, पीच, बीट, मातीसकट मुळे. तिथे मधाच्या स्टॉलपाशी एक कृष्णवर्णीय भाऊ-बहीण गायला बसायचे. भाऊ क्लेटन मॅग्रूडर, काटकुळा, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर गिटार घेऊन, डाव्या करंगळीत बाटलीची कापलेली मान घातलेली. ती काच तो तारांवरून घसरवायचा आणि गिटार माणसासारखी कण्हायची. बहीण मिस डोरेथा, अंगाने क्लेटनच्या दुप्पट, डोक्यावर खोट्या चेरी लावलेली टोपी, हातात टॅम्बुरीन, म्हणजे झांजा लावलेला डफ. क्लेटन ब्लूज गायचा आणि मिस डोरेथा गॉस्पेल, म्हणजे एकाचं दारावर डोकं आपटणं आणि दुसरीचं देवाच्या दारावर टकटक करणं. दोघं आलटून पालटून गायचे आणि त्यात त्यांचा एक नियम होता. क्लेटन गाताना गिटारची पेटी उघडी असायची, लोकांनी त्यात काय टाकायचं ते टाकावं. मिस डोरेथा उठली की क्लेटन पायाने झाकण बंद करायचा. कुणी तरीही हात पुढे केला तर ती म्हणायची, "याला नाही, बाळा. हे आधीच दिलेलं आहे." ती गात असताना क्लेटनच तिच्यामागे वाजवायचा, मान खाली घालून, शाळेतल्या मुलासारखा.

मधल्या वेळात दोघं भांडायची. मी मराठीत लिहिते आहे म्हणून ते माझ्या काका-मावशीसारखे बोलताना दिसतील. त्याला इलाज नाही, आणि खरं म्हणजे ते बोलायचेही तसेच.

"याला दर शनिवारी तीच बाई सोडून जाते," मिस डोरेथा बाजारातल्या लोकांना सांगायची. "बिचारीला परत यायला वेळ कधी मिळतो कोण जाणे."

"आणि हिचा येशू दर शनिवारी येणारच असतो," क्लेटन म्हणायचा. "माझी बाई निदान येऊन तरी गेली."

"तोंड सांभाळ."

"तोंड सांभाळून ब्लूज गाता येत नाही. ते तुझं खातं."

अशाच एका भांडणानंतर क्लेटन रिकाम्या बिछान्याचं एक रडगाणं गायला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, झाकण बंद झालं, मिस डोरेथा उठली आणि तिने स्वर्गातल्या घराचं गाणं सुरू केलं. चाल तीच. सूर न् सूर तोच. बिछाना काढून तिथे स्वर्ग ठेवला होता, बाकी खोली जशीच्या तशी. मी बिटांची पिशवी हातात धरून अशी हसत सुटले की लोक बघायला लागले. आई म्हणाली, "काय झालं गं?" मी म्हटलं, "आई, हे आपलं भजनी मंडळ आहे."

पुढच्या शनिवारी मी पेटी घेऊन गेले. बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "ऊन लागू देऊ नकोस," म्हणजे हो. मिस डोरेथाने पेटीभोवती एक फेरी मारली, वाकून भाता बघितला आणि म्हणाली, "हे तर माझ्या आजीच्या चर्चमधल्या ऑर्गनचं पिल्लू. त्याला पायांनी हवा घालायचे. तुम्ही लोकांनी त्याचे पाय कापलेत वाटतं." मी त्यांच्यात बसले. मिस डोरेथाच्या गाण्याशी पेटी लगेच जुळली, पण क्लेटनच्या गाण्याला काही केल्या जमेना. त्याची काच दोन सुरांच्या मधे कुठेतरी थांबायची आणि पेटीत तिथे पट्टीच नव्हती. शेवटी मी वैतागून कोमल गंधार आणि शुद्ध गंधार दोन्ही एकदम दाबले. क्लेटनने मान वर केली. "तेच," तो म्हणाला. "ते सोडू नकोस."

घरी बाबांना सांगितलं. ते जेवता जेवता थांबले आणि त्या आठवड्यातलं त्यांचं सगळ्यांत लांब वाक्य बोलले. "म्हणजे दोन चुका एकदम केल्या की एक सूर होतो, असं तुझं म्हणणं आहे."

"हो."

"वाजवून दाखव."

मी वाजवलं. ते बराच वेळ आमटीत चमचा फिरवत बसले, मग म्हणाले, "पुन्हा."

तो सगळा उन्हाळा मी शनिवारी सकाळी फुटपाथवर आणि संध्याकाळी तळघरात होते. आयुष्यात नंतर मी बऱ्याच महागड्या ठिकाणी गेले आहे, पण इतकी श्रीमंत कधी नव्हते. क्लेटनचं एक स्वतःचं गाणं होतं. बाई बस पकडून निघून गेली आहे, तवा अजून शेगडीवर तापलेला आहे, आणि हा माणूस तो तवा उतरवत नाही, कारण उतरवला तर ती गेली हे कबूल करावं लागेल. इतकंच. पण चाल अशी की ऐकणाऱ्याने हातातली पिशवी खाली ठेवावी, आणि तिची लय बरोबर आमच्या भजनी ठेक्यासारखी, डुलत चालणारी. मी त्याला विचारलं, ही चाल मी आमच्या देवाच्या गाण्याला लावली तर चालेल का.

"तुझ्या देवाला बायको आहे?" क्लेटनने विचारलं.

"आहे. पण ती रुसलेली आहे. तिचं देऊळसुद्धा वेगळं आहे."

"मग त्याला माझं गाणं कळेल."

मिस डोरेथा इतकी हसली की टोपी सांभाळावी लागली. मग हसणं संपवून ती म्हणाली, "याला विचार, काय घेशील." क्लेटन काच पुसत म्हणाला, "काही नको. फक्त कुणाची आहे ते सांग. माझ्या चाली बारमध्ये गातात, चर्चमध्ये गातात, कॉलेजच्या मुलांच्या एका बँडने एक उचलली. गावभर माझी पोरं फिरतायत आणि एकालाही माझं आडनाव नाही." मी शब्द दिला. त्या वयात शब्द देताना छाती पुढे काढायची सवय असते, तशी काढूनच दिला.

तळघरात वैकुंठाच्या त्याच लाडक्या अभंगाला ती चाल लावून पहिल्यांदा वाजवली त्या संध्याकाळी खिचडी गार झाली तरी कुणी उठलं नाही. दोन्ही गंधार एकदम वाजले तेव्हा सुभाषकाकांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "जोग. शुद्ध जोग राग आहे हा. काय अस्सल चीज काढलीस, मिनू." मी म्हटलं, "काका, बाजारात क्लेटन मॅग्रूडर म्हणून एक जण गातात, त्यांची आहे." "वा," म्हणाले सुभाषकाका आणि डोळे पुसत ताट घ्यायला वळले. पुढे दर भजनाला तीच फर्माईश. काकू मंडळी स्वयंपाक करताना गुणगुणायच्या. सुभाषकाका म्हणे ऑफिसला जाताना गाडीत म्हणायचे. गणपतीच्या कार्यक्रमात समारोप याच अभंगाने करायचा, असं न विचारताच ठरून गेलं.

आमच्याकडे गणपती शनिवारीच येतो. पंचांगात काहीही असो, शाळेचा हॉल शनिवारी मिळतो. कार्यक्रमाची मीटिंग आमच्या स्वयंपाकघरात झाली. आई चहा गाळत होती, बाबा खांद्याला गरम पिशवी लावून बसले होते. मी म्हटलं, समारोपाच्या अभंगाला क्लेटन आणि मिस डोरेथा येतील, तो गिटार वाजवेल, ती टॅम्बुरीन, आणि सुरुवातीला चाल कुणाची ते सांगू. 

"ते जरा वेगळं होईल गं," सुभाषकाका म्हणाले.

"काय वेगळं?"

"रस्त्यावर गाणारी माणसं आहेत, मिनू. आपल्याकडे फॅमिली असतात. सिटी कौन्सिलच्या बाई चीफ गेस्ट आहेत. आणि एकाला बोलावलं की त्यांच्यातले आणखी येतील."

"त्यांच्यातले म्हणजे कुणातले?"

सुभाषकाकांनी चहाचा कप उचलला. एक काकू म्हणाल्या, "आणि ते ब्लूज की काय, दारूच्या अड्ड्यावरचं असतं ना ते? देवासमोर कसं बरं दिसेल?"

"काकू, ती सिनेमातली बाई ग्लासातून आली होती. क्लेटन निदान खुर्चीवर बसतो."

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. सुभाषकाका म्हणाले, "ते आपलं आहे. आपल्या सिनेमातलं. मी काय म्हणतो, ती त्याची बहीण गॉस्पेल गाते ना? ते उत्तम. भक्तिगीतच ते. तिला एकटीला बोलवू, मध्यंतरात पाच मिनिटं देऊ. बाईंनाही बरं वाटेल."

"आणि चाल?"

"चाल राहू दे की. चाल सुरेख आहे. फक्त ते कुणाची, कुठली, सांगत बसायला नको."

मी आज पन्नाशीच्या घरात आहे आणि हे लिहिताना माझी कानशिलं अजून तापतात. त्यांना चाल हवी होती, माणूस नको होता. बहीण पाच मिनिटं हवी होती, भाऊ शून्य मिनिटं. कॅबरेच्या चालीवर वैकुंठ चालत होतं, कारण पिसं लावलेली बाई आपली होती. आणि ज्याच्या चालीवर यांनी उन्हाळाभर डोळे पुसले, तो हॉलच्या दारातून आत यायला नको, कारण तो कुणातला होता याचं उत्तर द्यायचीसुद्धा यांना लाज वाटत होती. मी म्हटलं, "मग ती चाल मिळणार नाही. आणि मीही वाजवणार नाही." सुभाषकाका म्हणाले, बरं, आपण जुनी चाल घेऊ, माझा पुतण्या कीबोर्ड वाजवतो. ग्लासातली बाई परत आली. आईने चहाचं गाळणं सिंकमध्ये जरा जोरात टाकलं आणि म्हणाली, "तुमच्या मुली शनिवारी कुठे असतात ते मला माहीत आहे, भाऊजी. माझी रस्त्यावर असते, दिवसाढवळ्या." बाबा काहीच बोलले नाहीत. त्याचाही मला तेव्हा राग आला.

शनिवारी मी बाजारात गेले आणि दोघांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. माझी कल्पना अशी की मिस डोरेथा क्लेटनची फिरकी घेईल. रोज त्याला सैतानाचा भाचा म्हणणारी बाई ती. तिने टॅम्बुरीन मांडीवर ठेवला.

"म्हणजे मला बोलावलं."

"हो."

"याला नाही."

"नाही."

"आणि याच्या चालीला?"

"चालीला बोलावलं होतं."

"हे मला पाठ आहे," मिस डोरेथा म्हणाली. "तुला काय वाटलं, माझ्यासारखी बाई चर्च सोडून मधाच्या स्टॉलपाशी देवाचं का गाते? हवा चांगली आहे म्हणून? इथे शेजारी, यप्सिलांटीला आमचं चर्च होतं. मी क्वायरमध्ये, गाणाऱ्यांच्या पुढे उभी राहायचे. ईस्टरचं माझं गाणं ऐकायला लोक बाहेर उभे राहायचे. ते गाणं याने बांधलेलं, आमच्या स्वयंपाकघरात बसून, माझ्यासाठी. मग कमिटीतल्या म्हाताऱ्यांना कळलं की हा शुक्रवारी बारमध्ये वाजवतो. मला म्हणाले, सिस्टर, तू गा, गाणंही गा, फक्त त्याला आत आणू नकोस आणि त्याचं नाव छापायला नको. मी म्हटलं, हो का. आणि गाण्याच्या मधेच खाली उतरले, मधल्या वाटेने दारापर्यंत गेले आणि बाहेर. क्वायरचा झगा अंगावरच होता. अजून माझ्याकडे आहे तो. हिवाळ्यात कोटाच्या आत घालते, फार उबदार आहे."

"मी तिला म्हटलं होतं, परत जा," क्लेटन म्हणाला.

"तू गप्प बस. तुझं गाणं घाणेरडं आहे हे मी म्हणेन. मी तुझी बहीण आहे. त्यांनी म्हणायचं नाही."

तिने झाकण उघडं आहे की बंद ते बघितलंही नाही आणि गायला सुरुवात केली. भावाचं गाणं, तापलेल्या तव्याचं. तिला ब्लूज गाताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ती ते अशा संतापाने गायली की मधवाल्याने स्टॉलवरच्या बरण्या धरून ठेवल्या. त्या दिवशी मला जे कळलं ते मी आजवर कुणाला धड समजावू शकलेले नाही. फुटपाथवर त्या दोन गाण्यांमध्ये कधी भिंत नव्हती. भिंत घालणारे सगळे छप्पर असलेल्या जागी बसलेले होते.

गणपतीच्या दिवशी मी हॉलमध्ये शेवटच्या रांगेच्याही मागे, रचून ठेवलेल्या खुर्च्यांपाशी उभी होते. गेलेच नसते, पण आईने मोदक केले होते आणि कुणीतरी ते वाहून न्यायला हवे होते. आरती झाली, भाषणं झाली, कौन्सिलच्या बाईंना शाल मिळाली. मग समारोप. कीबोर्डवर कॅबरेची चाल सुरू झाली, सुभाषकाकांनी टाळ उचलले, पहिलं कडवं ठीक पार पडलं. दुसऱ्या कडव्यात मागच्या बाजूच्या काकूंचा आवाज घसरला. मी कान टवकारले. त्या उन्हाळाभर तो अभंग ज्या चालीवर म्हणत आल्या होत्या, त्याच चालीवर गेल्या होत्या. त्यांच्याबरोबर आणखी दोघी गेल्या, मग पुरुष. कीबोर्ड जरा वेळ एकटाच पिसं लावून नाचला आणि थांबला. टाळ क्लेटनच्या ठेक्यात डुलायला लागले. सगळ्यांत मोठा आवाज सुभाषकाकांचा, डोळे मिटलेले, गालांवर पाणी. अख्खा हॉल गात होता. कौन्सिलच्या बाई ओळखीचं काहीतरी ऐकल्यासारख्या मान हलवत होत्या.

तुम्हाला वाटेल मला आनंद झाला. मला इतका राग आला की डोळ्यांपुढे मोदकांचा ट्रे हलायला लागला. मुद्दाम चोरणाऱ्याला निदान माहीत असतं की आपण चोर आहोत. यांना तेवढंही माहीत नव्हतं. ती चाल त्यांच्या घशात राहायला गेली होती आणि तिचा बाप चार ब्लॉक पलीकडे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला होता.

मी गाडी काढली आणि बाजारात गेले. स्टॉल उठत होते. क्लेटनला सांगितलं. त्याने काच बोटातून काढली.

"चांगलं गायले का?"

"फार चांगलं गायले."

ती तो पुसत बसला. मिस डोरेथाने विचारलं, "नाव घेतलं?"

"नाही."

"मग इथे काय करतेस?"

मी परत गेले तेव्हा जेवणाची रांग लागली होती. सुभाषकाका माइकवर सांगत होते की निळी होंडा ज्यांची असेल त्यांनी ती कृपया काढावी. मी त्यांच्या हातातून माइक घेतला. "होंडा कुणाची ते विचारता, मग चाल कुणाची तेही ऐका," मी म्हटलं. "मघाशी गायलात ती चाल बाजारात गाणाऱ्या क्लेटन यांची आहे. तुम्ही त्यांना बोलावलं नाहीत." सुभाषकाकांनी माइकचं बटण बंद केलं. मला माइकची गरज कधीच नव्हती, म्हणून मी ते पुन्हा एकदा तसंच सांगितलं. रांगेतल्या एक काकू हळव्या आवाजात म्हणाल्या, "अगं बाई. मग त्यांना डबा भरून देऊ का?"

मी म्हटलं, "डबा नको. नाव घ्या."

कुणी घेतलं नाही. लोक ताटांकडे बघत होते. तेवढ्यात बाबा रांगेतून बाहेर आले, बऱ्या हातात रिकामं ताट. आता मला घरी नेतील असं वाटलं. ते म्हणाले, "पूर्ण नाव सांग. आडनावासकट. अर्ध्या नावाने माणूस सापडत नाही."

"क्लेटन मॅग्रूडर."

"क्लेटन मॅग्रूडर," बाबा मोठ्याने म्हणाले, सुभाषकाकांकडे बघून. इतक्या मोठ्याने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. त्यानंतर आमच्या तळघरातलं भजन बंद झालं. ते दुसऱ्या कुणाच्या तळघरात गेलं, आणि चालही गेली.

माणसं नोकऱ्या बदलतात, टेक्सासला जातात, टाळ आणि चाली बरोबर नेतात. मी तो अभंग त्या चालीवर शुगर लँडला एका डॉक्टरांच्या दिवाणखान्यात ऐकला आहे आणि न्यू जर्सीहून आलेल्या एका मंडळाकडूनही ऐकला आहे. मागच्या वर्षी माझ्या मुलीकडे प्लेनोला गेले होते, तिथल्या कार्यक्रमात समारोपाला तोच. सूत्रसंचालक गोड मुलगा होता, पुण्याहून नुकताच आलेला. त्याने वाचलं, "चाल, पारंपरिक." मी उठले. शेजारून मुलगी म्हणाली, "ममा, प्लीज, नॉट अगेन." पण पदर सोडून दिला तिने.

"चाल क्लेटन मॅग्रूडर यांची आहे," मी म्हटलं.

"काकू, पारंपरिक म्हणजे मानाचंच की," तो मुलगा माइकवरून नम्रपणे म्हणाला.

"परंपरेला सख्खी बहीण नसते, बाळा. परंपरा थंडीत फुटपाथवर बसत नाही आणि तिच्या बोटांना भेगा पडत नाहीत. या माणसाच्या पडायच्या. लिहून घे."

त्याने खिसे चाचपले. पेन नव्हतं, ते कुणीतरी पुढच्या रांगेतून दिलं. मी एकेक अक्षर सावकाश सांगितलं, मग वाचून दाखवायला लावलं, चुकलं तिथे पुन्हा सांगितलं. मागे मसालेभाताची झाकणं उघडून ठेवली होती आणि सगळा हॉल भुकेने माझ्याकडे बघत होता. बघू दिलं.